रुमाल टाकून रान अडत नाही

आधी तुझा प्रश्न थोडक्यात मांडतो. पेनसिल्व्हेनियात हरणांचा तुझा हा पहिलाच रायफलचा हंगाम. शिकारीचा कोर्स केलास, लायसन्स काढलंस, ऑक्टोबरात तीन शनिवार स्टेट गेम लँडमध्ये, म्हणजे राज्याच्या शिकारीसाठीच्या सार्वजनिक रानात, पायपीट करून एक जागा हेरलीस आणि नियमाप्रमाणे तिथल्या ओकला स्वतःचा स्टँड, म्हणजे झाडावर बसायचं मचाण, लावलास. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पहाटे पाऊण तास चढून तिथं पोचलास, तर स्टँडपासून तीस-चाळीस पावलांवर एक अनोळखी माणूस बुंध्याला टेकून बसलेला. तू म्हणालास, हा स्टँड माझा आहे. तो म्हणाला, रान सगळ्यांचं आहे. तू वर जाऊन बसलास, तो जागचा हलला नाही, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनाही काही दिसलं नाही. आता तू विचारतोस, "दादा, चूक कोणाची? आणि परत असं झालं तर काय करू?"

चूक तुझी. तुझे कष्ट मला दिसतात आणि त्यानं जरा गोडीनं बोलायला हवं होतं हेही मान्य. पण तो तुझ्याआधी येऊन बसला होता, तू नंतर पोचलास, आणि तरीही त्याच्या डोक्यावर जाऊन बसलास. मी 2006 पासून या राज्यात शिकार करतोय, जवळपास सगळी सार्वजनिक जमिनीवरच, कारण स्वतःचं शेत-रान इथं माझं नाही. इतक्या वर्षांत जे कळलं ते सविस्तर लिहितो. हे कोर्समध्ये फारसं शिकवत नाहीत आणि आपल्या घरात सांगणारं कोणी नसतं. इथल्या पोराला बापाच्या मागं चालता चालता या गोष्टी समजतात. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर कायदेशीर शिकार जवळपास थांबलीच, त्यामुळे आपल्याला मागं चालायला कोणी नव्हतं.

ही जमीन कोणाची ते आधी नीट लक्षात घे, बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. पेनसिल्व्हेनियाच्या गेम कमिशनकडे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याकडे, 15 लाख एकरांच्या आसपास गेम लँड आहेत, तीनशेहून जास्त तुकड्यांत विखुरलेल्या. पहिला तुकडा 1920 मध्ये एल्क काउंटीत घेतला. कमिशनला राज्याच्या सर्वसाधारण करांतून पैसा मिळत नाही. लायसन्सची फी, गेम लँडवरचं लाकूड आणि गॅस, शिवाय बंदुका-काडतुसांवरचा केंद्राचा कर, यांवर त्यांचं चालतं. 1937 च्या कायद्यानं वन्यजीवांच्या कामाकडे वळवलेला तो कर रायफलींवर आणि काडतुसांवर 11 टक्के आहे. म्हणजे तुझ्या खिशातला जेवढा पैसा त्या रानात गेलाय तेवढाच त्या बुंध्याशी बसलेल्या माणसाच्याही खिशातला गेलाय. त्याचं 'रान सगळ्यांचं आहे' हे तुला उर्मट वाटलं असेल, पण ते शब्दशः खरं आहे.

आता स्टँड. गेम लँडवर पहिल्या हरणांच्या हंगामाआधी दोन आठवड्यांपासून ते शेवटचा हंगाम संपल्यावर दोन आठवड्यांपर्यंत स्टँड ठेवायची परवानगी आहे. त्यावर तुझी ओळख पटेल अशी खूण लावावी लागते आणि झाडाला इजा करता येत नाही. ही परवानगी ती वस्तू तिथं ठेवण्यापुरती. झाडाखालची आणि आजूबाजूची जमीन त्यातून तुझी होत नाही. आपण लहानपणी एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचो. आत आधी चढून बसलेल्याला तो रुमाल दाखवून उठवणारे लोक तुलाही आठवत असतील. गावाकडे ते खपून जातं. इथं दोघांच्या हातात भरलेल्या रायफली असतात, म्हणून ते खपता कामा नये.

दुसऱ्या बाजूनंही सांगतो, म्हणजे एकतर्फी होणार नाही. कोणाचा स्टँड दिसला तर तो रिकामा असला तरी त्यात चढायचं नाही. ती दुसऱ्याची वस्तू आहे. पट्टे किती जुने आहेत, उंदरांनी कुरतडलेत का, हे तुला माहीत नसतं. शिवाय मालक कधीही येऊ शकतो. स्टँड दिसला की इथं कोणीतरी येणार एवढं समजायचं आणि आपली बैठक दूर, त्याला दिसणार नाही अशा ठिकाणी करायची. तो माणूस तुझ्या स्टँडपाशी बसला तेव्हा त्यानं हे पाळलं नाही. अंधारात त्याला वरचा स्टँड दिसला नसेल, किंवा दिसूनही फिकीर केली नसेल. ते त्याचं त्याच्याकडे. तुझ्या हातात होतं ते एवढंच, की मान हलवायची, मागं फिरायचं आणि दुसऱ्या जागी जायचं.

तुझी खरी अडचण इथंच आहे, दुसरी जागा तुझ्याकडे नव्हती. सार्वजनिक रानात एकच जागा घेऊन जाणारा माणूस भांडणाच्या तयारीनंच गेलेला असतो, त्याला ते कळत नसलं तरी. मी कुठल्याही गेम लँडवर तीन जागा ठरवून जातो, आणि त्या तीन वेगवेगळ्या पार्किंगमधून पोचता येतील अशा. पहिल्या पार्किंगमध्ये गाड्या दिसल्या आणि माझ्या वाटेवर कोणी गेलंय असं कळलं, की गाडी वळवून दुसरीकडे. तीन शनिवार एकाच ओकखाली घालवण्याऐवजी प्रत्येक शनिवारी एक नवी धार चढली असतीस, तर त्या पहाटे तुला राग आला नसता. थोडी चुटपुट लागली असती आणि पाय चालू लागले असते.

पार्किंगबद्दल जास्त लिहितो, कारण माझ्या मते या सगळ्या शिष्टाचारातला निम्म्याहून जास्त भाग तिथंच पार पडतो.

पहाटे साडेचार-पाचची वेळ, कच्च्या रस्त्याच्या टोकाला गेटसमोर चार-पाच गाड्यांपुरती खडी टाकलेली जागा. गाडी लावताना गेट अडवायचं नाही, दुसऱ्याची गाडी निघेल एवढी जागा सोडायची. हेडलाइट लगेच बंद. दारं आपटायची नाहीत, गाणी नाहीत. रायफल अजून रिकामी आणि म्यानात. तिथं दुसरा कोणी बूट बांधत असला तर त्याच्याकडे जायचं आणि विचारायचं, "गुड मॉर्निंग, तुम्ही कुठल्या बाजूला निघालात?" आपल्या माणसांना याचा संकोच वाटतो हे मी पाहिलंय. उच्चार, रंग, नवखेपण, सगळं एकदम आठवतं आणि आपण डोकं खाली घालून पिशवी आवरत बसतो. तसं करू नकोस. हा प्रश्न विचारणारा इथं शहाणा समजला जातो. समोरचा बहुतेक वेळा सांगतो: मी डावीकडे धारेवर जातोय, माझा भाऊ खाली ओढ्याकडे. मग तू म्हणायचं, ठीक, मी उजवीकडची खिंड धरतो, दहापर्यंत हलणार नाही. झालं. आता तीन माणसांना एकमेकांच्या जागा ठाऊक आहेत आणि गोळी कुठल्या दिशेला सोडायची नाही हेही ठाऊक आहे.

यात खोटं बोलायचं नाही. आपली जागा लपवायला काही जण डावीकडे सांगून उजवीकडे जातात. नेमकं ठिकाण सांगायचं बंधन नाहीच, 'वरच्या बाजूला' एवढं म्हटलं तरी चालतं. पण दिशा खोटी सांगितलीस तर ज्या बाजूला कोणी नाही असं समजून समोरचा नेम धरेल, त्या बाजूला तू असशील.

मी आलो तेव्हा रायफलच्या हंगामाचा पहिला दिवस सोमवारचा असायचा, बऱ्याच शाळांना त्या दिवशी सुट्टी असे. 2019 पासून तो शनिवारी आला. नोकरदारांची सोय झाली, नवी माणसं आली, हे चांगलंच झालं. पण एकाच गावातली चार कुटुंबं वर्षानुवर्षं तीच धार वाटून घ्यायची, तशी ओळखीची गर्दी आता कमी झाली आहे. अनोळखी माणसं वाढली की बोलणं वाढवावं लागतं.

तिसऱ्या हंगामातली माझी एक चूक सांगतो, कारण तिनं मला 'जागा' या शब्दाचा अर्थ शिकवला. हॅरिसबर्गच्या उत्तरेला ब्लू माउंटनपासून एकामागं एक लांबच लांब धारा सुरू होतात. तिथल्या एका धारेच्या थोडं खाली डोंगराला कापल्यासारखा एक सपाट टप्पा आहे. वर ओक, टप्प्याखाली लॉरेलची दाट झुडपं. त्या दिवशी मला उशीर झाला होता. सात वाजून गेले होते, उजाडलं होतं. टप्प्याच्या टोकाला मला केशरी रंग दिसला, एक म्हातारा शिकारी बसलेला. मी शहाणपणानं वागतोय अशा समजुतीनं त्याला लांबून वळसा घातला. शंभर यार्ड वरून, धारेच्या कडेकडेनं, पाचोळा न वाजवता पुढं गेलो. त्यानं हात वर केला, मीही केला. मला वाटलं छान झालं.

दुपारी पार्किंगमध्ये तो माझी वाट पाहत थांबला होता. रागावलेला नव्हता. थर्मासमधली कॉफी त्यानं झाकणात ओतून मला दिली आणि काठीनं खडीत एक रेघ ओढली. ही धार. दुसरी रेघ, हा टप्पा. एक दगड ठेवला, हा मी. काठी लॉरेलवर टेकवली, इथं हरणं झोपतात आणि उजाडल्यावर टप्प्यावर येतात. मग खाली पडलेलं ओकचं वाळलं पान उचललं, तळहातावर चुरलं आणि छातीच्या उंचीवरून सोडलं. तो भुगा सरळ खाली पडला नाही. हलक्या वाऱ्यानं तिरका होत उताराच्या बाजूला गेला आणि त्यानं खडीत दाखवलेल्या लॉरेलवर जाऊन बसला. "तू इथून गेलास," तो धारेच्या रेघेवर काठी फिरवत म्हणाला. वारा माझ्या पाठीवरून खाली वाहत होता. सकाळभर माझा वास त्याच्या हरणांवर ओतला जात होता. त्याच्यापासून मी लांब होतो, पण त्याच्या जागेच्या मधोमध होतो.

तेव्हापासून कोणी बसलेला दिसला की मी दोन गोष्टी बघतो: वारा कुठून कुठं जातोय, आणि हा माणूस कुठं तोंड करून बसलाय. तो ज्या बाजूला बघतोय त्या बाजूनं हरणं येतील असा त्याचा अंदाज असतो. पुढं जायचंच असेल तर त्याच्या पाठीमागून, धारेच्या पलीकडच्या उतारानं, माझा वास त्याच्या हरणांकडे जाणार नाही अशा बेतानं. ते जमत नसेल तर आलो त्याच वाटेनं परत. म्हातारा पुढच्या शनिवारी स्वतः वरच्या खिंडीत बसला आणि तो टप्पा त्यानं मला दिला. मी न मागता.

अंधारातल्या भेटीचाही एक संकेत आहे. तू बसलेला आहेस आणि कोणाचा हेडलॅम्प तुझ्याकडे येताना दिसतोय, तर आपला दिवा त्याच्या दिशेनं दोनदा लावायचा आणि बंद करायचा. 'इथं माणूस आहे' एवढंच त्यातून सांगायचं. आलेल्यानं क्षणभर थांबून, दिवा खाली करून वळायचं. त्याला ओरडायचं नाही आणि त्याच्या डोळ्यांवर दिवा धरूनही ठेवायचा नाही. तू येणारा असशील तर दिवा दिसताच वळ. जवळ जाऊन माफी मागायची गरज नाही, त्यानंच जास्त गोंधळ होतो. नोव्हेंबरअखेर इथं सूर्योदय सातच्या पुढं असतो आणि गोळी झाडायची वेळ त्याच्या अर्धा तास आधी सुरू होते. म्हणून मी निदान तासभर आधी बसलेला असतो. उजाडता उजाडता चालत येणाऱ्यामुळे चार जणांची सकाळ बिघडते.

किती अंतर ठेवायचं असं नेहमी विचारतात. कायद्यात माणसामाणसात इतके यार्ड असं काही लिहिलेलं नाही. वस्ती असलेल्या इमारतींपासून रायफलला 150 यार्ड हे मात्र लिहिलेलं आहे आणि ते काटेकोर पाळायचं. माझा स्वतःचा हिशोब असा: उघड्या ओकच्या रानात रायफलच्या हंगामात मधे धार किंवा उंचवटा हवा, आणि शिवाय निदान दोनशे यार्ड. नुसतं अंतर पुरत नाही. रायफलची गोळी मैलभर सहज जाते. हरणामागं माती दिसत नसेल तर मी चाप ओढत नाही, मग शिंगं कितीही मोठी असोत. कड्यावर, आकाशाच्या रेषेवर उभं असलेलं हरीण सोडून द्यायचं. दुसऱ्या बाजूच्या उतारावर कोण बसलंय हे तुला दिसत नाही. डोक्यावर आणि धडावर मिळून 250 चौरस इंच केशरी रंग सगळ्या बाजूंनी दिसला पाहिजे, हा नियम रायफलच्या हंगामात स्टँडवर बसल्यावरही लागू असतो. तिथं बसल्यावर जॅकेट काढून फांदीला टांगणारे मी पाहिलेत, तसं करू नकोस.

साधारण नऊ-दहानंतर थंडीनं कंटाळून लोक हलू लागतात. यात गैर काही नाही, उलट बसून राहणाऱ्याकडे हरणं त्यामुळेच येतात. अडचण होते ती हाक्यावाल्यांच्या टोळ्यांची. इथं त्याला ड्राइव्ह म्हणतात. काही जण ओळीनं रान उठवत चालतात आणि बाकीचे पुढं दबा धरून बसतात. टोळीत 25 पेक्षा जास्त माणसं असू नयेत असा कायदा आहे, पण सहा जणांची टोळीही एकट्या माणसाच्या अंगावरून गेली तर त्याचा दिवस संपतो. माझ्या आजोळी जुनी माणसं पारधीच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या सांगण्यात हाका घालायच्या आधी खिंडीखिंडीत कोण बसलंय याचा पुकारा व्हायचा आणि मग ढोल वाजायचा. इथंही चांगल्या टोळ्या तसंच करतात, आधी एक माणूस फिरून कोण कुठं बसलंय ते बघून येतो. तुझ्यापर्यंत असा माणूस आला तर त्याला दोन मिनिटं दे. मी बऱ्याचदा म्हटलंय, अकरापर्यंत मी इथं आहे, नंतर खुशाल हाका. त्यांनी थांबून घेतलंय.

जखमी हरणाचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे, आणि तो तुझ्या वाट्याला कधीतरी येणारच.

काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ओढ्याच्या काठानं एक नर माझ्याकडे आला. चालण्यात काहीतरी चुकत होतं, पाठ थोडी कमानदार. मी गोळी झाडली, तो तिथंच पडला. जवळ गेलो, टॅग (मारलेल्या हरणाला लावायची लायसन्ससोबतची चिठ्ठी) काढला, तेवढ्यात वरच्या उतारावरून एक माणूस वाकून पाचोळा बघत बघत खाली येताना दिसला. रक्ताचा माग काढत होता. त्यानं मला पाहिलं, हरीण पाहिलं, आणि त्याचा चेहरा पडला. मी पहिलं काम केलं ते रायफलचा बोल्ट उघडून काडतुसं काढून घेण्याचं आणि ती एका झाडाला टेकवून चार पावलं बाजूला होण्याचं. त्यानंही तसंच केलं. मगच आम्ही बोललो. हा क्रम विसरू नकोस. कोणाचं हरीण याची चर्चा रिकाम्या हातांनीच करायची.

दोघांनी मिळून ते हरीण उलटवलं. माझी गोळी खांद्यामागं लागली होती, तिथलं रक्त लालभडक आणि फेसाळ, फुप्फुसाचं. त्याच्या थोडं मागं दुसरं भोक होतं, त्याभोवतीचं रक्त काळपट, घट्ट व्हायला लागलेलं. यकृत. त्या जखमेनं ते हरीण दोन-तीन तासांत मेलंच असतं. यकृताला लागलेलं हरीण लगेच पाठलाग न करता काही तास सोडून द्यायचं असतं, म्हणून तो शांतपणे थांबून मग मागावर निघाला होता. त्यानं सगळं बरोबर केलं होतं. माझा टॅग मी कोऱ्या अवस्थेत खिशात परत ठेवला. ज्याची पहिली जखम मारक ठरणारी, हरीण त्याचं, असा इथला जुना रिवाज आहे. आतड्याला किंवा पायाला लागून हरीण ताजंतवानं पळत असेल आणि दुसऱ्यानं ते पाडलं, तर ते बहुतेक जण पाडणाऱ्याचं मानतात. मधल्या प्रसंगांत वाद होतो. तिथं मी माझा हक्क सोडतो, कारण वादात जिंकलेलं हरीण मला घरी शिजवावंसं वाटत नाही. हे माझं मत, सगळ्यांचं नाही. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ते हरीण रस्त्यापर्यंत ओढलं, चढ होता, दर पन्नास पावलांवर थांबत. नंतर त्यानं मागचा एक पाय मला आणून दिला. आजोळच्या गोष्टींतही हाकेवाल्याला आणि कुत्र्यालाही वाटा असायचा.

आता एक गोष्ट जड मनानं लिहितो, कारण आपण इथं बाहेरून आलेले दिसतो आणि ती माहीत असलीच पाहिजे. 21 नोव्हेंबर 2004 रोजी विस्कॉन्सिनमध्ये सॉयर काउंटीत एक हमोंग (आग्नेय आशियातून आलेल्या समाजातला) शिकारी खासगी जमिनीवरच्या दुसऱ्याच्या स्टँडवर चढून बसला होता. मालकाकडच्या लोकांनी त्याला उतरायला सांगितलं, तो उतरून चालू लागला, मग बाचाबाची झाली. त्याचं म्हणणं की त्याच्या वंशावरून शिवीगाळ झाली आणि पहिली गोळी दुसऱ्या बाजूनं आली. वाचलेल्यांनी पहिल्या गोळीची गोष्ट नाकारली. आठ जणांना गोळ्या लागल्या, सहा मेले. 2005 मध्ये ज्यूरीनं त्याला सगळ्या आरोपांत दोषी ठरवलं आणि जन्मठेप झाली. त्यानंतर कित्येक हमोंग कुटुंबांना, ज्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नव्हता, रानात जायची भीती वाटू लागली. तो स्टँडवरचा वाद होता. तुझ्या पहाटेच्या वादासारखाच सुरू झालेला.

म्हणून तुला कोणी वाकडं बोललं, रंगावरून बोललं, तर उत्तर द्यायचं नाही. नळी जमिनीकडे, बोट चापापासून लांब, पाठ फिरवून सावकाश चालायचं. गाडीचा नंबर आणि वेळ लक्षात ठेवायची आणि स्टेट गेम वॉर्डनला, म्हणजे गेम कमिशनच्या अधिकाऱ्याला, कळवायचं. कायदेशीर शिकारीत मुद्दाम अडथळा आणणं हा गुन्हा आहे आणि वॉर्डन त्याची दखल घेतात. माझ्याशी असं इतक्या वर्षांत दोनदा झालं. दोन्ही वेळा तो माणूस मी निघून गेल्यावर एकटाच बडबडत राहिला. आणि ज्यांनी मला हरीण ओढायला मदत केली, वाट दाखवली, त्यांची मोजदाद माझ्याकडे नाही.

खासगी जमिनीचा विषय निघालाच आहे तर: गेम लँडची हद्द झाडांवरच्या पांढऱ्या रंगाच्या पट्ट्यांनी दाखवलेली असते. झाडांवर जांभळे उभे पट्टे दिसले तर ती खासगी जमीन, 'आत येऊ नये' या पाटीइतकाच त्याला अर्थ आहे. जखमी हरीण पलीकडे गेलं तरी आधी घरमालकाचं दार वाजवायचं.

वसंतात टर्कीला जाणार असशील तर नियम थोडे उलटे होतात. तिथं लोक केशरी न घालता, अंग झाकून, झाडाला टेकून मादीचा आवाज काढत बसतात. म्हणून आवाजाच्या दिशेनं दबकत जायचं नाही, कायद्यानंही वसंतातली टर्की फक्त बोलावूनच मारायची असते. जो आवाज ऐकून तू सरकत जातोयस तो माणसाचा असू शकतो. कोणी तुझ्याकडे येताना दिसला तर हात हलवू नकोस, टर्कीसारखा आवाज तर मुळीच काढू नकोस. मोठ्यानं, स्पष्ट शब्दांत ओरड. सकाळ वाया गेली तर जाऊ दे. लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालाचाही नको, नराच्या डोक्याचे तेच रंग असतात. दुसरा कोणी एखाद्या नराशी बोलत असेल तर मधे घुसून आपला आवाज काढायचा नाही. शरदात शिकारीसाठी रानात सोडलेल्या फेझंट पक्ष्यांच्या शनिवारी गेम लँडवर फार गर्दी होते. तिथं एवढंच बघ, की ज्याचं कुत्रं रोखून उभं आहे तो पक्षी त्याचा.

रान आपल्यापुरतंच नसतं. रविवारच्या शिकारीवरची जुनी बंदी 2025 मध्ये कायद्यानं उठली. पूर्वी हंगामात रविवारी निर्धास्त फिरणारे लोक, घोडेवाले, कुत्र्यांना घेऊन आलेली कुटुंबं आता आपल्याला जास्त भेटतील. हरीण साफ केल्यावर आतडी वाटेवर किंवा पार्किंगजवळ टाकू नकोस, शंभर यार्ड आत ने. ज्या भागात हरणांचा वेस्टिंग रोग (हरणांना झिजवून मारणारा आजार) आहे तिथं डोकं आणि कणा बाहेर नेण्याचे वेगळे नियम आहेत, ते निघण्याआधी बघून ठेव. गाडीवर हरीण बांधलंस तर वर ताडपत्री टाक. आणि ज्यानं तुला चांगली जागा दाखवली त्याला न विचारता ती नकाशावरच्या खुणेसकट कोणाला पाठवू नकोस. त्या म्हाताऱ्याचा टप्पा नेमका कुठं आहे हे मी वरही लिहिलेलं नाही.

तुझ्या त्या माणसाकडे परत येतो. हंगाम दोन आठवड्यांचा आहे, म्हणजे तो बहुधा या शनिवारीही येईल. तू साडेचारला त्याच पार्किंगमध्ये जाऊन थांब. तो आला की पुढं हो, नाव सांग, परवा मी तुमच्या डोक्यावर बसलो ते चुकलं असं म्हण, आणि आज तुम्ही कुठं जाणार ते विचार. तो त्याच ओककडे जाणार असेल तर जाऊ दे, तू दुसऱ्या धारेवर जा. मी तुला एक दाखवतो, शुक्रवारी दुपारी वेळ काढ, अंधार पडायच्या आत फिरून येऊ. तुझा स्टँड जानेवारीत उतरवावा लागेल, ते काम एकट्यानं करू नकोस. शिडीचे तुकडे खालून कोणीतरी धरायला हवेत. त्या दिवशी मी येतो.